पाना कुणी धरायचा

“पाने, पकडी, हातोडे, समदं इकतो मी दुकानात. आणि शटरला पाना लावायला बाहेरचा माणूस आणू व्हय?”

आण्णा असं म्हणाले आणि काउंटरवरचा सगळ्यात मोठा पाना त्यांनी उत्तमच्या हातात दिला. सकाळची वेळ होती. शेजारची दुकानं अजून उघडायची होती. आमच्या दुकानाचं शटर मात्र आम्ही तिघांनी खांदे लावून कसंबसं वर ढकललं होतं, आणि ते खाली येऊ नये म्हणून आण्णांनी स्वतः नायलॉनच्या दोरीने वर अँगलला बांधून टाकलं होतं.

आण्णा म्हणजे माझे सासरे. तासगावात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षा त्यांचा मान मोठा होता. उत्तम माझा नवरा. तेव्हा मी त्याला ‘अहो’च म्हणायची, तासगाव सोडल्यावर नावाने हाक मारायला लागले, म्हणून सांगतानाही उत्तमच म्हणते. स्वभावाने गरीब. आण्णांनी विहिरीत उडी मार म्हटलं तर हा फक्त कुठली विहीर एवढंच विचारेल, असं मी चिडले की म्हणायची, आणि मी पुष्कळदा चिडायची.

“आण्णा, नुसता पाना फिरवायचं काम न्हाई ते,” मी म्हटलं. “आत स्प्रिंगा हायत. सुटल्या तर माणूस मोडतो.”

“तुला लई कळतंय.”

कळत होतं. माझे वडील शटर बनवणारे. मी चालायला लागले ती त्यांच्या कारखान्यातल्या लोखंडी पट्ट्यांना धरून. शटर ज्या आडव्या पाइपावर गुंडाळलं जातं त्या पाइपावर स्प्रिंगा बसवलेल्या असतात आणि त्यांना पीळ भरलेला असतो. त्या पिळाच्या जोरावर एवढं अवजड शटर शाळेतलं पोरही एका हाताने वर करतं. पीळ उतरला की शटर जड होतं. मग पाइपाच्या टोकाची खिट्टी काढायची, पाना लावून पाइप थोडा फिरवायचा, परत खिट्टी घालायची, असं करत करत पीळ भरायचा. ऐकायला सोपं आहे. पण खिट्टी बाहेर आणि पाना हातात, एवढा वेळ सगळ्या स्प्रिंगांचा जोर पाना धरणाऱ्याच्या दंडावर असतो. माझ्या वडिलांची डावी भुवई मधोमध तुटलेली होती ती अशाच एका पान्याने. “स्प्रिंग कुणाची पाव्हणी नसती,” असं ते म्हणायचे, आणि एकट्याने हे काम त्यांनी पुन्हा कधी केलं नाही. नेहमी दोन माणसं, दोन पाने.

हे सगळं माझं आदल्या दिवशीच जेवताना सांगून झालं होतं. एखादा जाणता माणूस बोलवा, एवढंच माझं म्हणणं होतं. अडचण अशी होती की तासगावात शटरचं काम जाणणारा माणूस एकच, आणि तो माझा भाऊ होता.

वडील गेल्यावर जालिंदरदादाने तो कारखाना चालवायला घेतला. पेठेच्या दुसऱ्या टोकाला त्याची शेड होती. आमच्या दुकानापासून हाक मारली तर ऐकू जाणार नाही, पण दोन हाका मारल्या तर जाईल, एवढ्या अंतरावर. तरी माझं लग्न झाल्यापासून तो आमच्या दुकानाची पायरी चढला नव्हता. आण्णांनी त्याला चढू दिली नव्हती असं आण्णा म्हणत. मी चढलो नाही असं दादा म्हणे. दोघांनाही आपलंच खरं वाटायचं.

कारण ऐकाल तर डोक्याला हात लावाल. कारण होतं एक फेटा. लग्नात व्याहीभेटीला वडिलांच्या जागी दादा उभा राहिला आणि त्याने आण्णांना फेटा बांधला. बांधून होतो न होतो तोच आण्णांच्या लक्षात आलं की बँडवाल्यांच्या डोक्यावर त्याच कापडाचे फेटे आहेत. दादाने घाईत सगळे एकाच दुकानातून आणले होते. झालं. आण्णांनी फेटा उतरवला आणि सगळ्या मांडवादेखत बँडवाल्याच्या ढोलावर नेऊन ठेवला. आण्णांच्या लेखी त्यांना बँडवाल्यांच्या रांगेत बसवलं होतं. दादाच्या लेखी बाप नसलेल्या पोराने जिवाचं रान करून आणलेला मान ढोलावर पडला होता. मला विचाराल तर फेटा गुलाबी होता आणि चांगला होता. मला कुणी विचारलं नाही.

दादा तिथंच म्हणाला, “आण्णा सोताच्या तोंडानं ‘ये’ म्हणतील तवाच त्यांची पायरी चढंन.” आणि आण्णा म्हणाले, “माझ्या तोंडातनं तो शबूद निघायचा न्हाई.” माझ्या डोक्यावरच्या अक्षता अजून खाली पडायच्या होत्या.

तेव्हापासून मी दोघांच्या मधली. भाऊबीजेला ओवाळणीचं ताट पदराखाली झाकून मैत्रिणीच्या, शोभाच्या घरी न्यायचं आणि तिथल्या सोप्यात भावाला ओवाळायचं. चोरी केल्यासारखं. दादाला म्हणावं, तू आण्णांपेक्षा धाकटा आहेस, सोडून दे. तो म्हणायचा, “बापाचा मान हाय तो, माझा असता तर सोडला असता.” आण्णांना म्हणावं, तुम्ही मोठे आहात, तर ते पेपर तोंडापुढे धरायचे. आणि उत्तम मूग गिळून गप्प. रात्री मी त्याच्यावर चिडायची तेव्हा तो म्हणायचा, “होईल कमी हळूहळू.” काही कमी झालं नाही.

“दादा नको तर नको,” मी त्या सकाळी म्हटलं. “सांगलीसनं माणूस बोलवा.”

“सांगलीसनं?” आण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “म्हंजे पेठंतल्या लोकांनी इचारायचं, सुनेचा भाऊ शटरचा मेस्त्री, आणि ह्यांनी सांगलीचा का आणला? घरची भानगड येशीवर टांगू व्हय मी?”

“ती टांगलेलीच हाय, आण्णा.”

“हेमा,” उत्तम म्हणाला. नुसतं माझं नाव घेतलं, गप्प बस म्हणायची त्याची तीच पद्धत होती. मग तो पाना घेऊन स्टुलावर चढला.

सुरुवातीला काम बरं चाललं. आण्णा दुसऱ्या स्टुलावर. त्यांचा गुडघा दुखायचा, पण खिट्टी मारायचा मान त्यांना स्वतःकडे हवा होता. उत्तम पाना रेटायचा, पाइप कुरकुरत थोडा फिरायचा, आण्णा हातोडीने खिट्टी ठोकायचे. प्रत्येक वेळी खिट्टी बसली की ते खाली माझ्याकडे बघायचे, कसं काय म्हणाल्यासारखं. मी दोन्ही हातांनी उत्तमचं स्टूल धरून उभी राहिले आणि मनात भैरोबाला हाका मारत राहिले.

मग आण्णांनी घाई केली. भोक नीट समोर आलं नव्हतं, तरी त्यांनी खिट्टी तिरकी धरून जोरात हाणली. ती वाकली. दुसरा घाव बसला तशी तुटली आणि तिचा अर्धा तुकडा फरशीवर टणटणत माझ्या पायापाशी आला.

“दुसरी द्या,” उत्तम म्हणाला. आवाज शांत होता, पण मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

आण्णा खाली उतरले. खण उघडले, डबे उपडे केले. बोल्ट होते, रिबिटा होत्या, बिजागरीच्या सळ्या होत्या. त्या मापाची खिट्टी नव्हती. ज्या दुकानात सगळं मिळतं म्हणून त्यांचा एवढा ताठा, त्या दुकानात बोटभर लोखंड मिळेना.

उत्तमने पान्याचा दांडा खांद्यावर घेतला होता आणि पाठ भिंतीला रेटली होती. तसा तो उभा राहू शकत होता, पण हलू शकत नव्हता. हात काढला की पाना गरकन उलटा फिरणार आणि वाटेत जे येईल ते फोडणार, मग ते डोकं असो की जबडा. माझ्या डोळ्यांपुढे वडिलांची भुवई आली.

मी काउंटरवरचा फोन उचलला.

“कुणाला लावतीस?” आण्णांनी विचारलं.

“दादाला.”

“लावायचा न्हाई.”

“लावला,” मी म्हटलं, आणि फोन लागल्यावर भावाला काय झालं ते सांगितलं. खिट्टी आण, दुसरा पाना आण, आणि आहेस तसा ये. तो म्हणाला, “आलोच.” त्याने फोन इतक्या घाईने ठेवला की माझ्या जिवात जीव आला. मला वाटलं, संपलं हे. माणसाच्या जिवावर बेतलं की मानपान गळून पडतात, असं मी तोवर समजत होते.

दादाची एम-एटी दुकानासमोर थांबली. तो उतरला, कॅरिअरवरची हत्यारांची पिशवी त्याने काढली आणि झपाझप चालत पायरीपर्यंत आला. पायरीपाशी थांबला. त्याची नजर वर स्टुलावर उभ्या उत्तमकडे गेली, मग आत डबे उचकणाऱ्या आण्णांकडे. पिशवी त्याने खाली रस्त्यावर ठेवली.

“पाव्हणं, धरून ऱ्हावा,” तो म्हणाला. “हालू नका.”

“दादा, वर ये की,” मी म्हटलं.

“येतो. आण्णास्नी म्हणू दे.”

माझा कानांवर विश्वास बसेना. “काय म्हणू दे?”

“ये म्हणू दे. जास्त कायबी नगं. माफी नगं. नुसतं ये.”

आण्णांनी मान वर केली नाही. “मी कुणाला बोलावल्यालं न्हाई,” ते खणाला म्हणाले. “जिनं बोलावलं तिला इचार.”

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं म्हणतात, तशी माझी गत झाली. मी पायरी उतरून दादाकडे गेले आणि पिशवीला हात घातला.

“दे ती. मी लावते दुसरा पाना.”

“तुझ्यानं न्हाई व्हायचं, हेमे. ताकद लागती. आणि एक चूक झाली तर तूबी जाशील आणि ते बी.”

“मग तू ये.”

“मी आलोय न्हवं? हितवर आलोय. एक पायरी ऱ्हायलीय, ती त्यांनी चढवावी.”

“दादा, तो माझा नवरा हाय.”

“म्हाईत हाय. म्हणून तर हातातलं काम टाकून आलो.” आणि हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. त्याला उत्तमबद्दल वाटत होतं, माझ्याबद्दल वाटत होतं, सगळं वाटत होतं, फक्त पाय उचलत नव्हता.

मी परत आत धावले. आण्णांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्या घरात मी सासऱ्यांशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते.

“ये म्हणा,” मी म्हटलं.

“सुनबाई, तोंड सांभाळ.”

“तोंड मागनं सांभाळते. आधी ये म्हणा. वर पोरगा हाय तुमचा.”

“त्यालाच इचार की,” आण्णा म्हणाले, आणि वर बघून मोठ्यांदा बोलले, “उत्तम, दमलास का रं?”

उत्तमने दांड्याखालचा खांदा सारखा केला. मग उत्तम म्हणाला, “नाही, आण्णा.”

“बघ,” आण्णा मला म्हणाले. “कुठं काय झालंय? खिट्टी सापडंलच आता. ह्या बाईनं उगाच बोंब ठोकली.”

बाहेरून दादा म्हणाला, “खिट्टी सापडून काय उपेग? एका पान्यानं भोक समोर कसं आणणार? उलटा सोडायचा म्हटलं तरी दुसरा पाना लागंल.”

“तू शिकवू नको मला. तू जलमायच्या आधीपासनं लोखंड इकतोय मी.”

“इकणं येगळं आणि वाकवणं येगळं.”

“आणि फेटं इकत घेणं त्याहून येगळं,” आण्णा म्हणाले.

निघालाच फेटा. इतक्या वर्षांनी, वर माणूस जीव मुठीत धरून उभा असताना, त्या ढोलावरचा फेटा परत आमच्या दुकानात आला. मला वाटलं, काउंटरवरचा खिळ्यांचा डबा उचलावा आणि आधी एकाच्या आणि मग दुसऱ्याच्या डोक्यात घालावा. आजही ते आठवलं की माझ्या हाताची मूठ वळते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण इथं दुसऱ्याचं घर जळत होतं आणि हे दोघे आपापला पीळ जपत होते.

“ते फेटं मी उधार-उसनवार न्हवतं आणलं,” दादा ओरडला. “बापाच्या माघारी एकट्यानं लगीन लावलं मी.”

“मग येवढी तरी अक्कल पायजे हुती, व्याह्याला काय बांधायचं आणि वाजंत्र्याला काय.”

मी उत्तमकडे बघितलं. तो त्या दोघांकडे बघत होता. आधी बापाकडे, मग मेव्हण्याकडे, मग परत बापाकडे. त्याच्या तोंडावर घाम होता, पण भीती नव्हती. मला वाटलं थकून त्याचं भान हरपत चाललंय.

“अहो,” मी म्हटलं. “मी चढते. माझ्या खांद्यावर द्या दांडा.”

“नको,” तो म्हणाला. “तू मागं जा. काउंटरच्या पलीकडं. वरची माती डोळ्यांत जाईल.”

“माती जाऊ दे.”

“हेमा, जा मागं.”

त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी काउंटरच्या मागे गेले.

“आण्णा,” मग तो म्हणाला, “तुम्ही आतनं बोलता ते जालिंदररावांना नीट ऐकू येत नाही. बाहेर जाऊन तोंडावर बोला की.”

“जातो की. भितो काय त्याला?” आण्णा म्हणाले आणि गुडघ्यावर हात दाबत पायरीवर गेले.

“जालिंदरराव,” उत्तम म्हणाला, “तुम्ही जरा मागं सरून बोला. आण्णांना उतरायला जागा द्या.”

दादा मागे सरला. आण्णा पायरी उतरून त्याच्या समोर रस्त्यात उभे राहिले. दोघांचे हात हलायला लागले, बोटं एकमेकांकडे रोखली गेली. वर कुणीच बघत नव्हतं.

मग आवाज झाला. आधी पान्याचा, भिंतीवर घण बसावा तसा, मागोमाग पाइप घरंगळत फिरल्याचा, दोरी सुटल्याचा, आणि शेवटी अख्खं शटर वरून खाली आदळलं. जमीन हादरली. फळीवरचे रंगाचे डबे खाली आले आणि दुकानात अंधार झाला.

मी किंचाळले की नाही मला आठवत नाही. उत्तम फरशीवर पडला होता. स्टूल एकीकडे, तो एकीकडे. पाना भिंतीच्या गिलाव्यात घुसला होता. मी त्याच्या डोक्यावरून, तोंडावरून हात फिरवला. सगळं जागच्या जागी होतं. उजवा हात मात्र त्याने पोटाशी धरला होता आणि मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं.

“हात गेला,” तो म्हणाला. “बाकी काही नाही.”

बाहेर शटरवर धपाधप थापा पडायला लागल्या. “उत्तम! बोल की रं!” आण्णांचा आवाज चिरकला होता. “पाव्हणं! हेमे!” दादा ओरडत होता. दोघांचे आवाज रडवेले झाले होते, आणि मला वाटलं ओ द्यावी. मी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात आण्णा म्हणाले, “तुझ्यापायी झालं हे.”

“माझ्यापायी? एक शबूद बोलला असता तर झालं असतं का?”

“पाय उचलला असता तर झिजला नसता तुझा.”

मी तोंड मिटलं. पीळ सुटलेलं शटर एका माणसाला उचलणारं नव्हतं. दोघांनी मिळून हात घातले असते तर उचललं गेलं असतं. ते शटरशी भांडत होते, एकमेकांशी भांडत होते, पण खाली वाकून कुणी हात घालत नव्हता.

दुकानाच्या मागे माल उतरवायला बोळात एक दार होतं. मी उत्तमला उठवलं, त्याचा हात माझ्या पदरात बांधला आणि आम्ही मागच्या दाराने निघालो. बोळाच्या तोंडाशी रिक्षा मिळाली. ती पेठेतूनच वळली. मी पडदा बाजूला करून बघितलं. शेजारपाजारची माणसं गोळा झाली होती, आणि मधोमध माझा भाऊ आणि माझा सासरा बंद शटरकडे बोट दाखवून लोकांना सांगत होते, चूक कुणाची. रिक्षाकडे कुणी बघितलं नाही.

स्टँडजवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उत्तमचा हात ओढून जागेवर बसवला. तेव्हाही तो ओरडला नाही. प्लॅस्टर घातलं, कॉटवर झोपवलं. मी शेजारी स्टुलावर बसले.

थोड्या वेळाने सिस्टर आत आली. “बाहेर दोन माणसं आलीत तुमची. गर्दी नको, एकालाच सोडते. कुणाला सोडू?”

उत्तमने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “जो पहिला येईल त्याला सोडा.”

ती गेली. मी दाराकडे बघत बसले. लाज सोडून सांगते, मी वाट बघत होते. कुणीही चाललं असतं. आण्णा येऊन नुसते कॉटपाशी उभे राहिले असते तरी मी त्यांच्या पाया पडले असते. दादा आला असता तर त्याच्या गळ्यात पडून रडले असते. सगळं विसरले असते, तो फेटा, ते शोभाच्या सोप्यातलं ताट, ती सकाळ.

सिस्टर परत आली. एकटीच. “काय माणसं आहेत हो,” ती म्हणाली. “म्हातारबा म्हणतात, तो दवाखान्यातनं जाईपर्यंत मी आत पाऊल टाकणार नाही. आणि तो दुसरा म्हणतो, आधी त्यांना म्हणू दे, तू जा. मग जातो. मी काय करू?”

“दार लावून घ्या,” मी म्हटलं.

तिने दार लावलं. बाहेर कुणीतरी खोकलं, बाक सरकल्याचा आवाज झाला. मग काही नाही.

“आता घरी जायचं न्हाई,” मी उत्तमला म्हटलं.

“कुठल्या?”

“दोन्ही.”

त्याने मान हलवली. वाद घातला नाही, होईल कमी हळूहळू असंही म्हणाला नाही. मग मात्र मला रडू फुटलं. दोघांना मी तोंडाला येईल ते बोलले. कुणी ऐकतंय का याची पर्वा केली नाही. माझ्या बापाच्या नावावर मान मागतात, आणि माझ्या बापाने हेच काम करताना आयुष्यभर दोन माणसं लावली. एक धरायला आणि एक सांभाळायला. इथं दोन माणसं होती की. दोघं उभी राहिली, आणि तुमचे हात गळून पाना सुटेपर्यंत भांडत राहिली.

उत्तम छताकडे बघत होता.

“हात गळाले नव्हते,” तो म्हणाला.

“काय?”

“दांडा खांद्यावर होता. मी अजून तासभर धरला असता.”

मला आधी कळलंच नाही. मग एकेक गोष्ट डोक्यात येऊन बसायला लागली. मला काउंटरमागे धाडलं. आण्णांना बाहेर काढलं. दादाला मागे सरायला लावलं. पाना फिरेल त्या अंगाला कुणी राहू दिलं नाही, शटर पडेल त्या जागी कुणी राहू दिलं नाही. आणि मला वाटलं होतं माणसाचं भान हरपलंय.

“आणि दोरी?” मी विचारलं. “दोरी राहिली असती तर?”

“आण्णांची गाठ कधी राहिली आहे?”

मी त्याच्याकडे बघत राहिले. हा माणूस इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपत होता, आणि त्याच्या पोटात इतका राग आहे याचा मला पत्ता नव्हता.

“मनगट मोडून घेतलंत,” मी म्हटलं.

“उडी मारायला जरा उशीर झाला.” तो प्लॅस्टरकडे बघत म्हणाला, “तुला आधी सांगणार होतो. पण म्हटलं, सांगितलं तर तू पाना सोडू देणार नाहीस.”

“दिला असता,” मी म्हटलं. “मीच चढून हातातनं काढून घेतला असता.”